चौथं नाव

प्रमिलाताई वाव्हळे यांच्या शोकसभेत आमच्या कॉलेजच्या सभागृहात नऊ भाषणं झाली. बहुतेक प्रत्येकात एक वाक्य होतं, की थकवा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मलाही बोलायला सांगितलं होतं, मी नको म्हणालो. बोललो असतो तर एवढंच सांगावं लागलं असतं की एकोणीस वर्षं त्या ग्रंथालयात माझ्या शेजारच्या टेबलाशी बसल्या आणि त्या एकोणीस वर्षांत मी त्यांना न थकलेलं असं फारसं पाहिलं नाही. शोकसभेत असं कुणी बोलत नाही. म्हणून इथं लिहितो आहे.

त्या सकाळी दहाला ग्रंथालयात येत तेव्हाच थकलेल्या असत, कारण त्याआधी दोन तास बास्केटबॉलच्या मैदानावर खुर्चीची चाकं ढकलून झालेली असत. दारातून आत येतायेताच त्या म्हणत, "सर, मी दमले." दुसऱ्या कुणी नमस्कार म्हणावा तसं. मग दोन्ही हात टेबलावर आडवे ठेवून त्यावर कपाळ टेकत आणि पाच मिनिटं तशाच पडून राहत. पोरं पुस्तकं घेऊन समोर रांगेत उभी असत. कुणी घाई केली तर मान न उचलता सांगत, "थांब रे, दोन टप्पे हायेत."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. चाकाच्या खुर्चीतल्या टेनिसमध्ये चेंडूला दोनदा टप्पा घेऊ देता येतो, उभ्या माणसाच्या टेनिसमध्ये एकदाच. त्यांनी तो हिशेब सगळीकडे लावला होता. पुस्तक परत करायची तारीख उलटून गेलेला विद्यार्थी घाबरत आला की त्या म्हणत, अजून एक टप्पा हाय, उद्या घेऊन ये. प्राचार्यांनी तातडीनं मागवलेली यादीसुद्धा त्या दुसऱ्या टप्प्यावर देत. उशीर मात्र कधी झाला नाही.

लहानपणी पोलिओ होऊन दोन्ही पाय गेले होते. गाव ताडकळस. नोकरी लागल्यावर परभणीत भावाच्या घराशेजारी खोली घेऊन राहिल्या. यापलीकडे त्यांचं चरित्र मला नीटसं माहीत नाही आणि त्यांनाही ते सांगण्यात रस नव्हता. वर्तमानपत्रवाले विचारायला आले की बोट माझ्याकडे दाखवत. "सरांना विचारा, त्यांचं अक्षर चांगलं हाय."

त्यांचे हात मात्र कुणालाही विसरता येणार नाहीत असे होते. दोन्ही तळव्यांना घट्टे. अंगठ्यांना कायम चिकटपट्टी गुंडाळलेली. जुन्या पुस्तकांचा कागद त्या घट्ट्यांना अडकून फाटतो हे लक्षात आल्यापासून त्या करंगळीनं पानं उलटायच्या. एवढ्या दणकट हाताची ती एक नाजूक करंगळी पानाच्या कोपऱ्यावर टेकलेली दिसली की मला वाचायचं सोडून बघत बसावंसं वाटे. स्वतः त्या कादंबऱ्या वगैरे वाचत नसत. रेल्वेचं वेळापत्रक वाचत. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, कुठल्या स्टेशनात उतार आहे, कुठं जिनाच चढावा लागतो, हे त्यांना पाठ होतं.

आणि मागून कुणी खुर्ची ढकललेली त्यांना चालत नसे. चांगल्या मनानं कुणी न विचारता ढकलायला लागलं की चाकं घट्ट धरून थांबत, मागं वळून त्या माणसाचं नाव विचारत आणि शांतपणे म्हणत, "मी तुमाला मागून ढकलत घरापर्यंत नेलं तर चालंल का?" एकदा हा प्रश्न एका सहसंचालकांना गेला होता.

खेळाची खुर्ची त्यांच्याकडे आली ती चुकूनच. कुठल्याशा शिबिरात त्या पायाला बांधायचे कॅलिपर घ्यायला गेल्या होत्या. कॅलिपर संपले होते. खाली फाकलेल्या तिरक्या चाकांची एक जुनी खुर्ची उरली होती, ती कुणाला नको होती, कारण दारातून आत जात नव्हती. ताईंनी ती आणली. पुढे ती त्यांच्या घराच्या दारातूनही गेली नाही, तेव्हा ग्रंथालयात आली आणि बांधून ठेवलेल्या मासिकांच्या दोन कपाटांमध्ये राहिली.

ती टेनिसची खुर्ची आहे हे त्यांना सांगितलं गफूरचाचांनी. इथल्या अधिकाऱ्यांच्या क्लबात लाल मातीचं एक जुनं टेनिसचं मैदान होतं. चाचा तिथं मार्कर होते, म्हणजे मैदानावर पाणी मारायचं, चुन्यानं रेषा आखायच्या आणि साहेबाला जोडीदार नसेल तर समोर उभं राहून चेंडू परतवायचा. साहेबाला जिंकू द्यायचं हे त्यात आलंच. चाळीस वर्षं चाचा रोज टेनिस खेळले आणि एकही सामना खेळले नाहीत. क्लबाच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर त्यांनी अशी खुर्ची पाहिली होती. निवृत्तीनंतर रस्त्यात ताई दिसल्या तशा ते थांबले आणि म्हणाले, "बेटी, ये तो टेनिस की कुर्सी है. इसमें बैठ के बाजार कायको जा रे तुम?"

मातीत चाकं रुततात म्हणून कॉलेजचं बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान घेतलं. शेतात रानडुकरांना अडवायला लावतात ती जाळी मधोमध बांधली. चेंडू क्लबातले टाकून दिलेले. चाचा खुर्ची टाकून पलीकडे बसत आणि बसल्या बसल्या चेंडू मारत. ते वारले तोवर त्यांनी ताईंना हाताचं सगळं शिकवलं होतं. नियम मात्र त्यांना उभ्या टेनिसचेच ठाऊक होते. बाकीचं काम माझ्याकडे आलं.

इथं माझी एक चूक सांगायला हवी. ताईंना इंग्रजी वाचायचा कंटाळा. मी चाकाच्या खुर्चीतल्या टेनिसचे नियम मिळवले आणि एका वहीत मराठीत उतरवून दिले. मूळ नियम असा, की पहिला टप्पा रेषेच्या आत पडला पाहिजे, दुसरा बाहेर पडला तरी चालतो. इंग्रजीत ते स्पष्ट लिहिलं होतं. पण रेषेबाहेर पडलेला चेंडू जिवंत कसा राहील, असं मला वाटलं. छपाईत काहीतरी सुटलं असणार. जन्मभर मी दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुकांवर पेन्सिलीनं खुणा करत आलो आहे. तसंच तेही वाक्य मी दुरुस्त केलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, की दोन्ही टप्पे आतच पडले पाहिजेत, दुसरा बाहेर पडला की चेंडू मेला, गुण मारणाऱ्याचा.

ताई दोन वर्षं त्या नियमानं खेळल्या. मग पहिल्यांदा बंगळूरला राष्ट्रीय स्पर्धेला गेल्या. समोर तमिळ बाई. ताईंनी खोल चेंडू मारला, पहिला टप्पा आत पडला, दुसरा मागच्या रेषेपलीकडे. गुण आपला झाला म्हणून ताईंनी रॅकेट मांडीवर ठेवली. त्या बाईनं रेषेमागं जाऊन तोच चेंडू आरामात परतवला आणि तो ताईंच्या शेजारून निघून गेला. असं किती वेळा झालं कोण जाणे. सेट संपल्यावर पंचांनी समजावून सांगितलं. दुसरा सेट त्यांनी बरोबरीत नेला आणि मग हरल्या.

सोमवारी माझ्या टेबलावर ती वही उघडी होती. ताईंनी करंगळी बरोबर त्या ओळीवर ठेवली होती.

"सर, ह्ये कुठून आणलं?"

मी सांगितलं. छपाईची चूक वगैरे. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "दोन वर्सं मी तुमच्या कायद्यानं पळले. बरोबर कायदा दिला असता तर इतकं पळायला कोण शिकलं असतं?"

विषय तिथं संपला असं मला वाटलं. पण पुढे ज्या ज्या पोरींना त्यांनी शिकवलं त्यांना पहिले सहा महिने याच चुकीच्या नियमानं खेळवलं. त्याला त्या सरांचा कायदा म्हणत. नवी पोरगी आली की मैदानाच्या कडेला बसलेल्या मला दाखवून सांगत, कायदा केला ते सर ते. मला त्यांनी माफ केलं होतं की नाही हे मला कधी नीट समजलं नाही.

पुढच्या तीन वर्षांत त्या तीनदा देशाच्या विजेत्या झाल्या. परभणीत ही बातमी पोचली तेव्हा सत्कार सुरू झाले, आणि प्रत्येक सत्काराच्या व्यासपीठाला पायऱ्या होत्या. एका सत्काराला पाच पायऱ्या होत्या. चार कार्यकर्ते पुढं आले आणि खुर्चीसकट उचलायला वाकले. ताई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, पाठ धरंल तुमची. मग खालूनच त्यांनी पाहुण्यांना हाक दिली, "साहेब, तुमाला पाय हायेत. तुमीच या." सभागृहात कुणी हसलं नाही. पाहुणे मात्र खरंच उतरले. त्यांच्या मागोमाग नारळ, शाल, हार, छायाचित्रकार असं सगळं खाली आलं आणि वर रिकाम्या खुर्च्यांची रांग राहिली. परत येताना मी म्हणालो, जरा जास्त झालं. त्या म्हणाल्या, "मला वर न्यायला चार माणसं लागतात, त्यांना खाली यायला एक बी लागत न्हाई."

चौथ्या वर्षी त्या जशा गेल्या तशा परत आल्या. स्पर्धा झाली, पुरुषांची झाली. बायकांच्या गटाला कमीत कमी चार नावं लागतात आणि तीनच आल्या होत्या. गट रद्द. त्यांना एक प्रदर्शनी सामना खेळायला सांगितलं. त्या खेळल्या नाहीत. परत आल्या त्या दिवशी टेबलावर डोकं टेकून त्या पाच मिनिटांहून खूप जास्त वेळ पडून राहिल्या.

"हरले असते तर चाललं असतं," त्या म्हणाल्या. "पण ह्या साली बायकांत कुणी खेळलंच न्हाई, असं लिहिलं तिथं. मी तर तिथं बसले होते की, सर."

त्या दिवसापासून त्यांचं स्वतःच्या जिंकण्याकडे लक्ष कमी झालं. चार नावं हवीत, एवढंच डोक्यात राहिलं. बाहेरच्या राज्यांतून एखादी येई, एखादी न येई, भरवसा नव्हता. मग रविवारी त्या जिल्ह्यात हिंडू लागल्या. कुठं कुणाची मुलगी घरात बसून आहे, हे त्यांना अंगणवाडीच्या ताईंकडून आणि बस कंडक्टरांकडून समजे. ताडकळसची रेखा मिळाली, पिंगळीची शबाना मिळाली. जी पोरगी आपल्याला हरवू शकेल तिलाच त्या हुडकून आणत होत्या. हे मला तेव्हा विचित्र वाटायचं.

चौथी मिळाली देवगाव फाट्यावर. संगीता. मळणीयंत्रात उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता आणि ती कृत्रिम पायावर चालत होती. नवऱ्याचं फाट्यावरच पंक्चरचं दुकान. ताईंनी मला बरोबर नेलं, कारण चष्म्याचा माणूस सोबत असला की लोक बसा म्हणतात. नवरा ताईंच्या खुर्चीची चाकं फिरवून बघण्यात गुंतला. बोलणं झालं ते सासूशी. कौसल्याबाई ठणठणीत बाई होत्या.

"आमची सून चालती," त्या म्हणाल्या. "सोताच्या पायानं मोंढ्यात जाऊन बाजार करून येती. तिला खुर्चीत बसवून गावापुढं लंगडी करायली का तुमी?"

 कौसल्याबाईंनी सुनेच्या साडीची किनार चार बोटं वर उचलली. त्या कातडी रंगाच्या रबरी पावलाच्या बोटात चांदीचं जोडवं होतं. रबराला खाच पाडून घट्ट बसवलेलं.

"मी बसवलंय ह्ये. सवाष्णीचा पाय हाय. खेळायच्या नावावर काढून भितीला टेकवून ठेवायचा? माझा ल्योक जिता हाय अजून."

मला ताईंचा चेहरा दिसत होता. बाकी सगळ्या खेळणाऱ्या तसला पाय काढून बसतात. त्याचं ओझं वळताना खुर्चीला खेचतं. हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

"पाय काढा असं कोण म्हणलं, मावशी?" त्या म्हणाल्या. "जोडव्यासकट बसू द्या तिला."

मग त्यांनी संगीताला विचारलं, तुला काय वाटतं. ती चुलीपाशी उभी होती. तिला त्या दुपारी कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. ती हळू म्हणाली, "मला पळल्यावर येतो तसला घाम पाहिजे."

परतताना मी त्या पायाच्या ओझ्याचं काढलं. ताई म्हणाल्या, "पायाचं वजन लय तर दीड किलो असंल, सर. ती घरात ऱ्हायली तर आख्खी पोरगी बसून ऱ्हाईल."

त्यानंतर दर रविवारी संगीता आणि सून एकटी कशी पाठवायची म्हणून कौसल्याबाईही, अशा दोघी परभणीला येऊ लागल्या. कौसल्याबाई मैदानाच्या कडेला माझ्याजवळ पदर सावरून बसत आणि तिथून ताईंना ओरडत, "ए मास्तरीण, माझ्या सुनेला किती पळवायलीस? सैपाक कोण करंल मंग संध्याकाळी?" ताई पलीकडून म्हणत, "तुमी करा की, मावशी. बसूनच हाव." दोन वर्षांनी सुनेची सर्व्हिस बाहेर गेली तर ती का गेली, हे कौसल्याबाई मला समजावून सांगत.

अशी काही वर्षं गेली. बायकांचा गट पुन्हा रद्द झाला नाही. ताई दोनदा शबानाशी हरल्या आणि तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसलं ते त्यांच्या स्वतःच्या एकाही विजयात मी पाहिलं नव्हतं. मग त्यांचा उजवा खांदा गेला. पोलिओनं कणा आधीच वाकडा होता, तो वयाबरोबर आणखी वाकत चालला आणि डाव्या फुफ्फुसाला जागा कमी पडू लागली. डॉक्टरांनी चाकं ढकलणं बंद करायला सांगितलं. घरापासून कॉलेजपर्यंत बॅटरीची खुर्ची आली. दोन वर्षं त्या खेळल्या नाहीत. रेखा, शबाना, संगीता आणि गुजरातेतून न चुकता येणारी एक बाई, असा चौघींचा मेळ बसला होता. ताई सोबत जात आणि कडेला बसत.

गेल्या वर्षी रेखाला पुण्यात नोकरी लागली. रजा मिळेना. पुन्हा तीन.

दोन महिने ताईंनी चौथी शोधली. फोनवर बोलताना त्यांना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागे. बोरी गावची एक मिळता मिळता राहिली. शेवटी एका दुपारी त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, चौथं नाव माझं लिहा.

असले फॉर्म नेहमी मीच भरून ईमेलनं पाठवत असे. तो मी भरला. पाठवला नाही. टेबलाच्या खणात ठेवून दिला. मुदत संपायला चार दिवस होते आणि मला एवढंच वाटत होतं, की चार दिवस गप्प राहिलो तर त्या बंगळूरला जाणार नाहीत. डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यांच्या भावानं मला सांगितलं होतं. एकदा नियम बदलून लिहिला होता तसा मुदतीचा एक दिवसही मी बदलू शकलो असतो. कुणाला कळलं नसतं. पोचला नाही म्हटलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "फॉर्म गेला का, सर?"

मी म्हणालो, जाईल.

त्या कामाला लागल्या. तासाभरानं मान वर न करता म्हणाल्या, "खणात ठेवलाव का?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"मी तिथं जिंकायला न्हाई चालले. माझं मला ठावं हाय, मी एक गेम बी धड खेळंल का न्हाई ते. मला निस्तं मोजून घ्यायचंय. चार म्हणून." मग श्वास घेऊन, "संगीता सहा म्हईने झाले रोज पाचला उठायली. तिला तिथं जाऊन कळलं, की गट न्हाई, तर ती पुन्यांदा उठंल का? कौसल्यामावशी उठू देतील का? तुमी मला वाचवायलाव, पण तिकडं तिघी घरी बसायल्यात."

मी खण उघडला आणि फॉर्म पाठवला. हे लिहिताना मी काही मोठेपणा केला असं मला वाटत नाही. तो तसाच ठेवला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी अजूनही सकाळी उठल्यावर स्वतःला विचारतो. त्यांच्या भावानंही विचारला. रागानं नाही, सहज विचारल्यासारखा, आणि त्याचं मला जास्त लागलं.

आम्ही पाचजण गेलो. ताई, संगीता, शबाना, कौसल्याबाई आणि मी. चिठ्ठ्या निघाल्या त्यात पहिल्याच फेरीत ताई आणि संगीता समोरासमोर आल्या. तिथले पंच ताईंना जुने ओळखत होते. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, की सामना सुरू झाला म्हणजे गट धरला जातो, एक चेंडू खेळा आणि सोडून द्या, कागद पुरा होतो. मी तेच मराठीत पुन्हा सांगितलं. ताईंनी मान हलवली. मला वाटलं, ऐकलं.

पहिला गुण झाला. दुसरा झाला. त्या थांबल्या नाहीत. संगीता रडवेल्या तोंडानं चेंडू असे मारत होती की ते ताईंच्या रॅकेटवर आपोआप येऊन पडावेत. तिसऱ्या गेममध्ये असाच एक चेंडू आला. ताईंनी हात उचलला नाही. चेंडूनं एक टप्पा घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला आणि घरंगळत मागच्या कुंपणाला जाऊन लागला. ताई हळूहळू नेटपर्यंत गेल्या. संगीता आली.

"तू मला भरवायलीस का?" ताईंनी विचारलं. "मी गणती भरायला आले, ते खरं हाय. पण गणतीत खेळणारी म्हणूनच लिहिलंय ना मला? नीट मार."

"ताई, तुमाला दम लागायलाय."

"तो मला लहानपणापासून लागायलाय. मार."

त्यानंतर संगीतानं मारले. सहा-शून्य, सहा-एक. तो एक गेम ताईंनी कसा घेतला ते मी पाहिलं. नेटजवळ आखूड चेंडू टाकून, जोडव्याच्या जड पायामुळे संगीताला पुढं यायला लागणारा तो एक क्षण पकडून. कौसल्याबाई माझ्या शेजारी पुटपुटल्या, "लबाड हाय ही मास्तरीण." आणि पदर डोळ्याला लावला.

नंतरचं थोडक्यात सांगतो. परत आल्यावर तीन आठवड्यांनी निमोनिया झाला. शेवटी दवाखान्यात नळ्या लावलेल्या त्यांना मी काचेतून पाहिलं. ते माझं शेवटचं पाहणं असं मी धरत नाही. शेवटचं धरतो ते त्या सामन्यानंतर दोन दिवसांनी आलेल्या, बंगळूरमधल्याच रविवारचं.

संगीताचा गुजरातच्या बाईशी अंतिम सामना चालू होता. शबाना, कौसल्याबाई, सगळे कडेला. ताई तिथं नव्हत्या. मी शोधत मागं गेलो. नळकोंडाळ्याजवळ एका झाडाखाली त्या जमिनीवर बसल्या होत्या, पाय एका बाजूला घेऊन, पाठ झाडाला टेकून, तोंडानं श्वास घेत. खुर्ची त्यांच्याजवळ नव्हती. मैदान झाडणाऱ्या बाईची विशीतली एक भाची होती, कुबडीवर चालणारी. ती सकाळपासून कुंपणाच्या जाळीला धरून सामने बघत उभी होती. आता कुबडी ताईंच्या मांडीवर होती आणि ती पोरगी ताईंच्या खेळाच्या खुर्चीत बसून भिंतीकडेच्या लांब सिमेंटच्या पट्टीवरून चाकं ढकलत चालली होती. वेडीवाकडी, पण बऱ्यापैकी वेगानं. आमच्याकडे पाठ होती.

मैदानावरून टाळ्या ऐकू आल्या. मी म्हणालो, ताई, संगीतानं सेट घेतला असावा. त्यांनी हो म्हटलं, पण मान वळवली नाही.

"सर, हिचं नाव विचारून ठेवा. मला तिची बोली यीना."

मलाही येत नव्हती. मी म्हणालो, कुणाला तरी विचारतो. मग म्हणालो, तिला बोलावू का, ती फार लांब चालली, तुम्ही इथं मातीत बसलेल्या, तिला वळायचं कसं ते दाखवलंय का?

"न्हाई दाखवलं अजून," त्या म्हणाल्या. "आज जाऊ द्या तिला सरळ."